ताराबाईच्या चपलेतली चूक

दवाखान्यात शिरताना माणूस चपला बाहेर काढतो. आमच्या कशेळ्याच्या बाजारात तर डॉक्टरच्या पायरीशी चपलांचा एवढा ढीग साचतो की नव्या माणसाला पाऊल ठेवायला जागा उरत नाही. माझं दुकान रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर. वर्षानुवर्षं तो ढीग बघत आलो आहे. निम्मा आजार त्या ढिगात पडलेला असतो आणि माणूस उरलेला निम्मा घेऊन आत जातो, असं माझं मत आहे. आत जीभ बघतात, डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, छातीला नळी लावतात. खुर्चीखाली गेलेले पाय कोणी बघत नाही.

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. रुंद पंजा, उजव्या करंगळीवर कुरूप. "गौतमराव, धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा. दोन पानं द्या," म्हणाले. मी सहा मागितली. चारावर सौदा पटला. गमतीदार लिहायचं मात्र मी कबूल केलेलं नाही.

मी चपला बनवतो, दुरुस्त करतो आणि विकतो. हा धंदा आमच्या घरात कधीच नव्हता. वडिलांनी तरुणपणी धम्म घेतला आणि आम्हा भावंडांना एकच गोष्ट बजावून वाढवलं, "आता कोणाचे पाय धरायचे नाहीत." मी मुंबईला चपलांच्या कारखान्यात काम शिकलो आणि परत येऊन नेरळला स्टेशनाबाहेर टपरी टाकली, तेव्हा ते तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत. "शिकलास कशाला? हौसेने लोकांच्या पायाशी बसायला?" मी म्हटलं, "बाबा, पाय धरतो, पण भाव सोडत नाही." ते हसले नाहीत. पुढे कशेळ्याला स्वतःचं दुकान घेतलं, तेव्हा मात्र आले. सगळं बघितलं, उंबऱ्यातल्या खुर्चीवर बसले आणि जाताना एक जोड घेऊन गेले. भाव न करता. माझ्या आयुष्यात भाव न करता गेलेलं ते एकमेव गिऱ्हाईक.

माणूस पायाबद्दल खोटं बोलतो, चप्पल बोलत नाही. सोल आतल्या कडेने झिजला असेल तर पाऊल आत कलतं, तळवा सपाट असतो. एकाच चपलेची टाच खलास आणि दुसरी नव्यासारखी, म्हणजे त्या दुसऱ्या पायात काहीतरी दुखणं आहे आणि माणूस त्याच्यावर भार टाकत नाही. माप संध्याकाळी घ्यायचं, कारण दिवसभरात पाय फुगतो. आणि दोन्ही पायांचं घ्यायचं. दोन पाय सारखे असलेला माणूस मी अजून बघितलेला नाही.

नवी चप्पल चावते, हे मराठी माणसाला सांगायला नको. माझ्या दुकानात पहिल्यापासून पाटी आहे, 'चावली तर परत आणा.' काम झालं की मी चपलेत तळहात फिरवतो. मग गिऱ्हाइकाला ती घालायला लावतो आणि रस्त्यावर दोन फेऱ्या मारायला सांगतो. कुठे टोचतं, कुठे दाबतं, ते त्याने सांगायचं आणि मी तिथे चामडं तासायची रापी चालवायची किंवा हातोडी. माझा हात चुकेल, पण गिऱ्हाइकाचा पाय चुकणार नाही, या भरवशावर सगळा धंदा चालला.

आणखी एक शब्द सांगून ठेवतो. आमच्यात बारीक खिळ्याला चूक म्हणतात. पट्टा सोलात बसवताना चुका ठोकायच्या. टोक आतल्या बाजूने वर आलं तर वाकवून, चप्पल ज्यावर ठोकतो त्या लोखंडी पायावर ठेचायचं. गिऱ्हाइकांना मी हसत सांगायचो, "आमचा धंदाच चुका करायचा. फक्त त्या वर येऊ द्यायच्या नाहीत." हा माझा आवडता विनोद होता.

शेलूला नव्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हाची गोष्ट. तिथली एक बाई नेरळच्या टपरीवर आली. ठाण्याला कपड्याच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं काम. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत जीव जाईल अशी कळ. वीस-पंचवीस पावलं चालली की कमी. पुन्हा बसून उठली की पुन्हा तेच.

"काका, सगळे म्हणतात हाड वाढलंय. एकदम मऊ चप्पल द्या."

"मऊ म्हणजे कशी?" मी म्हटलं. "ही घ्या. दोन्ही हातांनी पिळा."

तिने पिळली. फडक्यासारखी पिळली गेली.

"ही चप्पल नाही, पोतेरं आहे. हिच्यावर उभ्या राहाल तर टाच आणखी ओरडेल. आता ही घ्या. पुढे बोटांपाशी वाकते, मध्ये वाकत नाही. टाचेला उंची आहे, खाली उशी आहे."

"आणि भाव?"

"भावही मध्ये वाकत नाही."

अर्धा तास वाद घालून तिने भाव वाकवलाच. पण जाताना मी तिला फुकट एक गोष्ट सांगितली. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो. रात्री तो आखडतो, सकाळी एकदम ताणला जातो, म्हणून कळ येते. उठायच्या आधी पलंगावरच पाऊल हाताने आपल्याकडे ओढून धरायचं. भिंतीला हात लावून पोटरी ताणायची. घरात फरशीवर अनवाणी फिरायचं नाही. महिना-दीड महिन्यात उतार पडला नाही, किंवा बसल्या जागी, झोपेतही दुखायला लागलं, सूज आली, तर माझ्याकडे यायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. ती दोन महिन्यांनी आली ती इमारतीतल्या तिघींना घेऊन. तिघींनीही मला पिळून काढलं. पण तो दिवस मला आवडतो. आपल्याला कुठवर कळतं आणि पुढे कोणाला कळतं, ही रेघ तेव्हा मला नीट दिसत होती.

ती रेघ मी रागापायी पुसली. ते असं झालं.

कशेळ्याच्या वरच्या वाडीतला पांडू जांभळं उतरवताना झाडावरून घसरला. पाय मुरगळला म्हणून वाडीत चोळून घेतला, पाला बांधला. चौथ्या दिवशी बायकोच्या खांद्यावर हात टाकून लंगडत माझ्या दुकानात आला. घोट्याला घट्ट आवळून धरेल असा बूट हवा होता.

मी म्हटलं, "पांडू, खांदा सोड. चार पावलं चाल."

दुसऱ्या पावलाला खाली बसला. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर मी बोट ठेवलं, तर त्याने माझा हात झटकला. मुरगळलेला पाय दुखतो, सुजतो, निळा पडतो. पण चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच बोट टेकवू देत नसेल, तर हाडाचा फोटो काढल्याशिवाय हात लावू नये. हे मी कारखान्यात नाही, गिऱ्हाइकांच्या पायांवर शिकलो. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर लिहिलं, 'घोट्याच्या हाडावर दुखते. चालता येत नाही. फोटो काढावा.' पांडूला समोरच्या दवाखान्यात पाठवलं.

डॉक्टर पुठ्ठा हातात घेऊन पायरीवर आले. त्यांचं नाव लिहीत नाही, अख्ख्या बाजाराला माहीत आहे. रस्त्यापलीकडून ओरडले, "अहो शेठ! उद्यापासून इंजेक्शनंही तुम्हीच द्या! मी चपला विकायला बसतो!"

बाजाराचा दिवस. भाजीवाल्या, जीपवाले, वाडीवरून उतरलेली माणसं, सगळे हसले. पांडूला इंजेक्शन मिळालं, पट्टी मिळाली. तीन आठवड्यांनी तो कर्जतला गेला तेव्हा हाड मोडल्याचं निघालं. वाकडं जुळत आलं होतं. आजही तो चढाला एका अंगाने चालतो.

मी बरोबर होतो. हे वाक्य मी किती लोकांना किती वेळा ऐकवलं असेल, मोजदाद नाही. डॉक्टरने कधी "शेठ, तुमचं खरं निघालं" म्हटलं नाही, आणि मीही कधी ते पोटात घातलं नाही. त्या दिवशी मी पाटीखाली उभा राहून मोठ्याने बोललो, "आता या दुकानातून एक माणूस त्या पायरीवर पाठवणार नाही. जे काय करायचं ते मी माझ्या चपलेने करीन." आणि तसंच केलं.

आता ताराबाई. माझ्या दुकानापासून दोन बैठका सोडून ती बोंबील, वाकटी, सोडे अशी सुकी मासळी घेऊन बसायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, आवाज असा की जीपच्या हॉर्नवर चढायचा. भाव करण्यात तिच्याइतकं तोडीस तोड मला कोणी भेटलं नाही.

"गौत्या, चप्पल हाय का गळ्यातली साखळी?"

"आणि तुझे बोंबील काय चांदीचे?"

"माज्या बोंबलानं प्वाट भरतं रं. तुजी चप्पल खाऊन काय व्हतं?"

"पोट भरलेल्याला घरी जायला चप्पलच लागते."

"जा जा! माजा बोंबील खाल्लेला मानूस अनवानी पळत जातो!"

शेवटी मी थोडं सोडायचो, ती वर मूठभर सोडे टाकायची, आणि दोघंही आपणच जिंकलो म्हणून घरी जायचो.

एके दिवशी ती दुकानात येऊन बसली. भाव करायला आली नाही, हे तिच्या आवाजावरून कळलं. "गौत्या, पायाला मुंग्या येतात रं. रातच्याला तळव्याची आग आग व्हते. पाय गोधडीभायेर काढून निजते."

"साखर आहे ना तुला?"

"हाय की. समोरच्याची गोळी चालू हाय कवापासनं."

"त्याने पाय बघितले?"

"पाय कशाला बघंल? रगत बघतो."

साखरेच्या माणसाच्या तळव्यांची आग म्हणजे शिरा, डॉक्टर ज्यांना मज्जातंतू म्हणतात त्या, खराब व्हायला लागल्याची खूण, हे मी कर्जतला एका शिबिरात ऐकलं होतं. पांडूच्या आधी ती आली असती तर मी पुठ्ठा फाडला असता. मी म्हटलं, "त्याच्याकडे जाऊन काय होणार? तू थांब. मी बघतो."

तिच्यासाठी मी खास जोड केला. आतून मऊ अस्तर, खाली जाड उशी, रुंद पट्टा. काही महिने गेले. एक दिवस ती बैठकीवरूनच ओरडली, "गौत्या, आग थांबली रं! मुंग्या बी नाय! हाताला गुन हाय तुज्या!"

मी किती फुगलो ते काय सांगू. कोणी पाय दुखतो म्हणून आलं की मी ताराबाईला हाक मारायचो. ती पदर खोचून चालून दाखवायची. मी मुद्दाम रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असं विचारायचो, "ताराबाई, चप्पल चावते का?"

"चावाया तिला दात कुटं हायत!"

बाजार हसायचा. मला वाटायचं, डॉक्टरवर हसतोय.

आग थांबली होती कारण पाय मेला होता. जिवंत शिरा ओरडतात. ओरडायच्या थांबल्या की माणसाला वाटतं बरं झालं. बाईचा पाय बधिर होत गेला आणि त्याचं श्रेय मी घेत होतो.

मला ते कळायची एक वेळ आली होती. ताराबाई टोपली घेऊन निघाली आणि तिच्या डाव्या पायातली चप्पल रस्त्यातच राहिली. ती दहा पावलं तशीच पुढे गेली. जीपवाला ओरडला, "मावशे, बोंबलाच्या नादात चप्पल इसरलीस!" सगळे हसले, सगळ्यांत मोठ्याने मी. पायातून चप्पल निसटते आणि बाईला पत्ता लागत नाही, याचा अर्थ काय, हा विचार मला शिवला नाही. मी कारागिराचा विचार केला, पट्टा सैल झाला. "आण इकडे," म्हटलं. पुढचा पट्टा उसवला, आवळून परत ठोकला, टाचेमागून नवी पट्टी लावली. आता चप्पल निसटणं शक्यच नव्हतं.

बाजाराचा दिवस होता. एक गिऱ्हाईक दुसऱ्या जोडावरून माझ्याशी भांडत होतं, मीही भांडत होतो. ठोकताना मी आतून हात फिरवला की नाही, मला आठवत नाही. लिहायला बसल्यापासून रोज आठवून बघतो. आठवत नाही. दोन फेऱ्या मारायला लावल्या, ते आठवतं.

"कुठं टोचतं का?"

"नाय रं. फुलावानी हाय."

माझा शेवटचा तपासनीस पाय, आणि तो बधिर.

पुढचं, महिना-दीड महिन्यानंतरचं, सुनंदाने सांगितलं. सुनंदा म्हणजे ताराबाईची सून. घरात सारवलेल्या जमिनीवर सासूचं डावं पाऊल ओलं उमटलेलं तिला दिसलं. पाणी सांडलं असेल म्हणून तिने पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उमटलं. वास यायला हवा होता, पण मासळीच्या घरात दुसरा वास कोणाला ओळखू येणार? ती सासूला घेऊन आली ती समोरच्या पायरीवर नाही, माझ्या दुकानात. का, ते मला विचारायची गरज नव्हती. मीच बाजाराला तसं शिकवलं होतं.

मी पट्टी सोडली, चप्पल काढली. करंगळीच्या मुळाशी तळव्याला भोक होतं. कडा काळी, आत पांढरं, पाऊल गरम आणि घोट्यापर्यंत लाली चढलेली.

ताराबाई माझं तोंड बघून म्हणाली, "असा काय बघतोस रं? दुकत नाय मला. दुकत नाय म्हंजी एवडं काय नसंल."

मी उठलो, रस्ता ओलांडला आणि त्या पायरीवर चढलो. चपला काढल्या नाहीत. डॉक्टर माझ्याबरोबर दुकानात आले, खाली बसले, पाऊल हातात घेतलं आणि म्हणाले, "पनवेलला न्या. आजच. मी चिठ्ठी देतो." एक शब्द टोचून बोलले नाहीत. तेही मला लागलं.

पनवेलला फक्त पावलांचंच बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. पोडियाट्रिस्ट म्हणतात त्यांना. असा डॉक्टर असतो हे ताराबाईला पटेना. "पायाचा येगळा डाक्टर? मंग गुडघ्याचा भावाला वाटून दिला का?" डॉक्टरीणबाई हसल्या. जखम बघून झाल्यावर त्यांनी नायलॉनचा एक बारीक दोरा घेतला आणि ताराबाईला डोळे मिटायला सांगितलं. "आजी, तळव्याला लागलं की 'हो' म्हणायचं." मग त्या चांगल्या, उजव्या पायाच्या तळव्यावर तो दोरा टेकवत गेल्या. अंगठा, बोटं, तळवा, टाच. दोरा दरवेळी वाकत होता. ताराबाई डोळे मिटून शांत.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाय, सुरू कवा करनार?"

उजवा पायही बधिर होता.

ताराबाईला फोटो काढायला आत नेलं. सुनंदा औषधं आणायला गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चप्पल दाखवा." मी दिली. त्यांनी मी फिरवतो तसाच आत हात फिरवला, थांबल्या आणि अस्तर बाजूला केलं. चुकेचं टोक तांदळाएवढं वर आलं होतं.

"ही दुरुस्त कोणी केली?"

तिथे मी आणि त्या, दोघंच होतो. मी म्हटलं, "बाजारात कोणीतरी."

"जो कोणी असेल त्याला सांगा, मधुमेहाच्या माणसाच्या चपलेत खिळा ठोकायचा नसतो. शिवायचं किंवा चिकटवायचं."

"सांगतो," मी म्हटलं. चप्पल त्यांच्या हातातून घेतली. घरी आल्यावर चूक उपटून गटारात टाकली.

आधी दोन बोटं गेली. जखम भरेना, म्हणून पुढचं अर्धं पाऊल. पाय घोट्यापासून वाचला, तो त्या डॉक्टरीणबाईंमुळे. महिना-दीड महिना उशीर झाला असं त्या म्हणाल्या. हा उशीर कसा झाला, ते वर लिहिलं आहे.

मी परत आलो आणि काय केलं? भर बाजारात समोरच्या पायरीसमोर उभा राहून डॉक्टरला विचारलं, "इतकी वर्षं गोळ्या दिल्यास, एकदा तरी तिचे पाय बघितलेस?" लोक माझ्या बाजूने बोलले. प्रश्न खरा होता आणि आजही खरा आहे, ती तक्रार मी सोडलेली नाही. साखरेच्या माणसाचं रक्त बघतात तसे वर्षातून एकदा तरी त्याचे पाय हातात घेऊन बघायला नकोत? पण खऱ्या प्रश्नाच्या आडही माणसाला लपता येतं. मी लपलो.

ताराबाई घरी आल्यावर मी भेटायला गेलो. ती ओट्यावर बसली होती, पाय पाटावर ठेवून. "वाकटीचा काटा गेला असंल रं," ती म्हणाली. "टोपली पायाशी उपडी करते मी, तवाच घुसला असंल. माज्याच धंद्यानं खाल्लं मला. तुजी चप्पल व्हती म्हनून येवड्यावर निभावलं." आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "सुनंदा, आता बैठकीवर वाकटी ठेवायची नाय. माज्या डोळ्यासमोर नको ती."

मी चहा पिऊन आलो. नंतर दोनदा गेलो, सांगायचं ठरवून. एकदा तिने मलाच बोंबलाचे भाव विचारले आणि मी ते सांगत बसलो. दुसऱ्यांदा ती पाहुण्यांना माझी ओळख करून देत होती, "ह्यो गौतम, ह्याच्या हाताला गुन हाय."

आता मी साखरेच्या माणसाच्या चपलेत एकही चूक ठोकत नाही. तो आला की आधी त्याचे पाय बघतो, तळवे उलटे करून, बोटांच्या बेचक्यांत. घरी तळव्याखाली आरसा धरून रोज बघायला सांगतो, चप्पल घालताना आधी आत हात घालायला सांगतो. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, गरम पाण्यात पाय सोडायचे तर आधी दुसऱ्याला हात घालून बघायला लावायचं. जखम दोन दिवसांत सुकायला लागली नाही, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम किंवा लाल झालं, रंग काळसर पडला, आग झाली किंवा मुंग्या आल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि दुखायचं आपोआप थांबलं, तर आणखी घाईने. पुठ्ठे मी पुन्हा फाडायला लागलो आहे. समोरचा डॉक्टर ते वाचतो. आम्ही अजून बोलत नाही.

ताराबाईला वाचता येत नाही. हा अंक मी सुनंदाच्या हातात देणार आहे. ती संध्याकाळी सासूला वाचून दाखवते, मला माहीत आहे.

सुनंदा, इथे थांबू नको. वाच. सासूला सांग, काटा नव्हता. माझ्या हातची चूक होती आणि मी ती पनवेललाच बघितली होती. बाजाराच्या दिवशी बैठकीवर वाकटी परत ठेव, तिचा काही दोष नव्हता. आणि सासूला म्हणावं, शिव्या घरात बसून देऊ नको. मी जीप पाठवतो. दुकानासमोर खुर्ची टाकून ठेवतो. रस्त्यापलीकडच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात दे. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.